जाळीच्या दाराची करकर

पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं श्यामसुंदररावांचा हात लागला की भली भली यंत्रं मुकाट चालायची. घरातलं जाळीचं सरकतं दार मात्र त्यांना जुमानत नव्हतं. हिंजवडीला नोकरी लागल्यावर मुलानं, केयूरनं, बाणेरला फ्लॅट घेतला, आईवडिलांना नारायण पेठेतून तिकडे नेलं आणि डास येऊ नयेत म्हणून गच्चीला हे दार बसवलं. वर्षभर ते नीट सरकलं, मग करकरायला लागलं.

श्यामसुंदरराव दार उचलून काढत, खालची खाच जुन्या टूथब्रशनं घासत, चाकांना तेल देत. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी पुन्हा कर्रर्र!

"एखादा माणूस बोलवा," वासंतीबाई म्हणायच्या.

"माझ्या घरात मेकॅनिक? लोक हसतील."

"मग करा तुम्हीच. मला काही घाई नाही."

घाई होती ती ह्यांनाच. हृदयात दोन स्टेंट बसल्यापासून सिगारेट बंद होती. म्हणजे घरात बंद होती. गच्चीत चोरून ओढायला जावं, तर दार चहाडी करायचं. कर्रर्र झालं की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अहो, डॉक्टरांना फोन लावू, का केयूरला?" की हे पाकीट खिशात कोंबून परत.

घरादारानं काळजी वाहिली ह्यांची, आणि गेल्या त्या. श्रावणात ताप आला काय, आठ दिवसांत वासंतीबाई संपल्या काय. तेरावा झाला, पाहुणे पांगले, केयूर कंपनीच्या बसनं ऑफिसला जाऊ लागला. घरात उरले श्यामसुंदरराव आणि सिगारेटचं पाकीट. आता चोरी कुणाची?

दार उघडलं. आवाज नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानं नाही, महिन्यानंसुद्धा नाही. वासंतीबाई दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी श्यामसुंदररावांनी चाकांना तेल दिलं होतं, ते शेवटचं.

"बघ, जमलं की नाही!" ते स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले. ओट्यावर केयूरनं सकाळी झाकून ठेवलेला डबा होता, बाकी कोणी नव्हतं.

एका दुपारी दाराजवळचा पडदा धुवायला काढताना मागच्या कोपऱ्यात बामची जुनी डबी सापडली. त्यांनी उघडली. आत पांढरी रांगोळी.

रांगोळी तर ती पुढच्या दारात काढायची. इथे कशाला? श्यामसुंदरराव गुडघ्यांवर बसले, खाचेच्या टोकाशी बोट फिरवलं. बोटाला तेच पांढरे, खरखरीत कण लागले.

त्यांना हसू फुटलं. तीस वर्षं मशीन उघडून बघणाऱ्याला चिमूटभर रांगोळीनं बनवलं होतं! हे तेल घालत, ती रांगोळी घाली, आणि कान देऊन बसे. हसता हसता ते भिंतीला टेकले आणि पोरासारखे रडले. आपण जिवंत राहावं म्हणून कोणीतरी दिवसभर त्या आवाजाची वाट बघत होतं, हे त्यांना आज कळत होतं.

बऱ्याच वेळानं ते उठले. डबीतली चिमूट खाचेत सोडली. हातात न पेटवलेली सिगारेट धरून त्यांनी दार ओढलं.

कर्रर्र!

सवयीनं सिगारेट मुठीत लपली. श्यामसुंदरराव स्वयंपाकघराकडे कान लावून उभे राहिले. मग त्यांनी दार बंद केलं, आणि पुन्हा उघडलं.