कोरडा चौकोन

पंखा लावला की कागद उडत, म्हणून पूर कार्यालयाच्या बैठकीच्या खोलीत सगळे घाम पुसत बसले होते. टेबलाच्या एका बाजूला चौकशी समितीचे तिघे आणि त्यांचा कारकून. दुसऱ्या बाजूला लेक, तिचे साहेब आणि तिची आई. बाबा जाऊन सहा आठवडे झाले होते.

बाबांना सगळे पट्टीवाले म्हणत. पुलाच्या खांबावर रंगवलेली, धोक्याची लाल रेघ असलेली पाण्याची पट्टी त्यांनी एकोणतीस वर्षं रोज सकाळी आठला वाचली. निवृत्तीनंतरही वाचत राहिले, ते लेकीसाठी. लेक आता तीच नदी उपग्रहातून मोजत होती. जमिनीतून सूक्ष्मलहरी निघतात, त्या ढगांतूनही उपग्रहाला कळतात, आणि पाणी असलं की कमी निघतात. म्हणून नकाशावर दोन चौकोन धरायचे, एक नदीवर आणि एक शेजारच्या कोरड्या माळावर. नदी पसरली की तिचा चौकोन मंदावतो, दोघांतला फरक वाढतो आणि इशारा जातो. कोरडा चौकोन लेकीने निवडला होता. पूर आला त्या आठवड्यात माळावरच पाणी तुंबलं. दोन्ही चौकोन बरोबरीने मंदावले, फरक जिथल्या तिथे राहिला, आणि पडद्यावर नदी अगदी गरीब गाय दिसत राहिली.

त्या सकाळी बाबांचा फोन आला होता. "अगं, लाल रेघ बुडाली."

"बाबा, इथे तर सगळं नेहमीसारखं आहे. पायऱ्या उतरून जवळून बघितलंत का? वरून अंदाजाने सांगू नका."

"एकोणतीस वर्षांत कधी अंदाजाने सांगितलंय?" ते हसले. "बरं, उतरतो, मॅडम."

तिसऱ्या दिवशी ते सापडले. खालच्या वस्तीतली सात माणसं त्याआधीच सापडली होती.

साहेबांनी वाट काढून ठेवली होती. "यंत्रणा तुमच्या वडिलांच्या नोंदींवरच बसवलीय ना? नोंदीच चुकीच्या होत्या म्हणायचं. त्यांची काय आता बढती अडणार आहे? नाहीतर चौकोन कुणी निवडला, इथून सुरुवात होईल." काल लेकीने हे आईला सांगितलं, तेव्हा आई भांडी विसळत राहिली. मग म्हणाली, "येते मी उद्या."

"बाई," समितीचे अध्यक्ष म्हणाले, "पट्टीवाल्यांची नजर कशी होती?"

"कसली नजर!" आई म्हणाली. "समोर उभी राहिले तरी कोण आहे म्हणून विचारायचे. चहात साखर म्हणून मीठ घालायचे आणि वर मिटक्या मारायचे."

एक सदस्य हसला. "मग आकडे?"

"घरी बसून लिहायचे. म्हणायचे, कोण जातंय बघायला!"

अंगात ताप असताना कठड्याला धरून पायऱ्या उतरणारे बाबा लेकीने पाहिले होते. आई समितीकडे बघतच नव्हती. तिचे डोळे लेकीवर होते. प्रत्येक वाक्यानंतर ती थांबत होती, कुणी अडवायचं म्हटलं तर अडवता यावं इतका वेळ.

"वडील तुमचे," अध्यक्ष लेकीकडे वळले. "तुम्हाला काय म्हणायचंय?"

साहेब खाकरले.

"आई म्हणते ते बरोबर आहे," लेक म्हणाली. आवाज जरासुद्धा कापला नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

आईने मान डोलावली, मनात धरलेलाच भाव भाजीवाल्याने सांगावा तशी.

"आता माझं ऐका," ती म्हणाली. "मी सांगितलं ते सगळं खोटं. का सांगितलं, ते हिला विचारा. यांची नजर घारीची होती. त्या सकाळी मी यांच्या डोक्यावर छत्री धरून पुलावर उभी होते. लाल रेघ बुडालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. फोनवर ही काय म्हणाली, तेही ऐकलं. हिला पटेना, म्हणून ते खाली गेले."

साहेबांनी आपली खुर्ची लेकीपासून वीतभर लांब सरकवली. कारकुनाचं पेन कागदावर अडलं होतं.

"दोन्ही लिहू का?" त्याने विचारलं.

"दोन्ही लिहा," आई म्हणाली. "आधी हिचं."