फिरती ढाल

मुलांच्या अ‍ॅथलेटिक्स क्लबची मानाची ढाल फिरती होती. म्हणजे दर वर्षी ती अध्यक्ष बाळासाहेब भडकमकरांच्या कसबा पेठेतल्या शोकेसमधून रिक्षाने मैदानावर यायची आणि विजेत्यासोबत फोटो झाला की परत घरी जायची. त्यांच्या आमोदने ती शाळेत असताना जिंकली होती. आता आमोद आयटीत होता, पोटही सुटलं होतं, पण ढालीचा मुक्काम काही हलला नव्हता. कुणी विचारलंच तर बाळासाहेब म्हणत, "अहो, लोकांकडे धूळ खाईल ती. आमच्याकडे निदान रोज पुसली जाते."

यंदाही त्यांनी पाहुण्यांचा चहा गार होईपर्यंत ढालीचा इतिहास सांगितला. मग ती यंदाची शर्यत जिंकलेल्या अवनीच्या हाती दिली, फोटो काढून घेतला आणि सवयीने हात पुढे केला.

अवनीने वाकून नमस्कार केला, ढाल काखोटीला मारली आणि फाटकाकडे सुसाट सुटली.

"आमोद, धर तिला."

आमोद फाटकापर्यंतही पोचला नाही. गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत राहिला. बाळासाहेबांनी कार्यकारिणीकडे पाहिलं, तर सगळे वेफर्स खात होते. अवनीला गाठू शकेल अशी अख्ख्या क्लबात एकच मुलगी होती, आणि ढाल तिच्याच काखेत होती.