बंदरावरची खाऱ्या पाण्याची पेटी

मित्रांनो, माझी ओळख थोडी थांबू दे. आधी कमाल चहावाल्याच्या फायद्याचा हिशेब मांडू, कारण त्या फायद्यापायीच मी जन्माला आले.

रत्नागिरीच्या बंदरावर कमालचं चहाचं हॉटेल होतं. मुंबईची बोट बाहेर समुद्रात नांगर टाकायची, उतारू पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे, आणि पडाव सुटेपर्यंत टेकायचे ते कमालच्या बाकांवर. आत चुलीपुढे असायची त्याची थोरली बहीण रहिमाबी. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली, कालवण-भाकरी रांधू लागली आणि चुलीपुढेच तिचे केस पिकले. हॉटेलच्या मागच्या खोलीत ती राहायची. आता कमालच्या मुलाचं, अयूबचं, लग्न ठरलं होतं आणि कमालचा डोळा त्या खोलीवर होता. बहिणीला मंडणगडकडे, सासरच्या डोंगरात पाठवलं की खोली मोकळी. अडचण एवढीच, की विधवा बहिणीला घालवलं असं बंदरावर कोणी म्हणता कामा नये.

तेवढ्यात कमाल मुंबईला जाऊन आला. तिथे नवीन मत्स्यालय उघडलं होतं. काचेआडचा समुद्र बघून आला आणि भर हॉटेलात बहिणीला म्हणाला, "आपा, तसा छोटा दर्या मला हयसर, हॉटेलात करून दे. नारळी पुनवेपर्यंत जिता ठेवलास तर मागची खोली जन्मभर तुझी. मेला तर अयूबच्या लग्नाआधी तू मंडणगडला जायचं. कबूल?"

बघा कसा बेत होता. दर्या जगला तर हॉटेलाची शोभा वाढली, मेला तर खोली रिकामी झाली. हरण्याची बाजूच कमालने शिल्लक ठेवली नव्हती. शिवाय जिच्या विळीखालून आजवर एकही मासा जिवंत परत गेला नाही, तिच्या हातून मासे जगतील असं बंदरावर कोणाला वाटणार?

रहिमाबीने हातातला बांगडा साफ करून संपवला. मग म्हणाली, "कबूल. पण पेटी नीट करून दे. खोकं आणलंस तर तुझ्याच डोक्यावर ओतीन."

ती पेटी म्हणजे मी.

मला घडवलं बाबल्या सुताराने. होड्या बांधण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्याने माझी चौकट सागाची केली, बाजारातल्या एका मोडक्या शोकेसच्या काचा बसवल्या आणि होडीच्या फटीत भरतात तसा कापूस आणि राळ माझ्या कडांमधून ठासून भरली. "दर्या बाहेर ठेवायला आजवर राळ भरली," तो म्हणाला, "आत ठेवायला पहिल्यांदाच भरतोय." मला तेव्हाच कळलं की मी साधी पेटी नाही. मी उलटी होडी आहे. तेव्हापासून माझी मान जी ताठ झाली ती आजही तशीच आहे.

सुरुवात मात्र वाईट झाली. रहिमाबीच्या घरात स्वच्छतेला फार मान. तिने कातळावरून आणलेले दगड राखेने घासले, कढत पाण्यात उकळले आणि भांड्यांसारखे लखलखीत करून माझ्यात मांडले. दगडांवरचा सगळा बारीक जीव चुलीवरच गेला. पाणी आणलं ते तिच्या लग्नातल्या तांब्याच्या हंड्यातून, कारण घरातली सगळ्यात मानाची वस्तू तीच. त्याच दिवशी मासे सोडले, फुलासारखा उमलणारा समुद्रफूल नावाचा जीव ठेवला, शंखात राहणारे खेकडे टाकले. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे बघायला माणसं लोटली.

"रहिमाबी, ह्यांचं कालवण किती जणांना पुरंल?" काशीराम पडाववाल्याने विचारलं.

"तुला एकट्याला घातलं तरी तू उपाशीच," ती म्हणाली.

आणि रत्नागिरीची माणसं! पाहुण्याला रिकाम्या पोटी पाठवणार नाहीत. कोणी बिस्किटाचा चुरा टाकला, कोणी भाताची शितं, एकाने तर चहात बुडवलेला पावाचा तुकडा. सगळ्यांच्या प्रेमाचा माझ्या तळाशी सडा पडला आणि कुजू लागला. पण त्याआधीच समुद्रफुलाने अंग आखडून घेतलं होतं. खेकडे शंखाबाहेर लोंबू लागले. शेवटी मासेही आडवे झाले.

कमाल खुशीत आला. खुशी लपवायला त्याने तोंड पाडलं, पण मी काच आहे, मला दोन्ही बाजूंनी दिसतं. "आपा, गाठोडं बांधायला घे," तो हळहळून म्हणाला.

"पुनव कधी हाय?"

"श्रावणात."

"मग श्रावणात ये विचारायला."

मागच्या दारी एका मडक्यात तिने एक जादा दगड तसाच न घासता ठेवला होता. त्यावर एक समुद्रफूल होतं, पाणी त्याच समुद्राचं पण मडक्यातूनच आणलेलं, आणि ऊन तेच. ते मजेत फुललं होतं. रहिमाबी कधी मडक्याकडे बघे, कधी माझ्याकडे. मग तिने माझ्यातलं पाणी बोटावर घेऊन जिभेला लावलं, मडक्यातलं लावलं, आणि कपाळावर हात मारला.

"हंड्यात कळकलं गो बाय!" ती स्वतःलाच म्हणाली.

हंड्याची कल्हई कधीच उडाली होती. आमसुलाचं सार तिने त्या हंड्यात घटकाभर ठेवलं नसतं. पण समुद्राचं पाणी काय, ते थोडंच कोणाच्या पोटात जायचं आहे, असं तिने धरलं. तिच्या पोटात नसेल जायचं, समुद्रफुलाच्या तर जायचं होतं! मित्रांनो, तांबं माणसाला शोभतं. खाऱ्या पाण्यातल्या बारीक जिवांना ते विष आहे.

तिने मला रिकामं केलं, गोड्या पाण्याने धुतलं, उन्हात वाळवलं. हंडा माळ्यावर चढवला आणि मडक्यांनी पाणी वाहिलं. ह्या खेपेला दगड आणले ते न घासता, जसेच्या तसे, ओलेच. कोणाला शेवाळ, कोणाला किडे, कोणाला पोवळ्याच्या जातीचे इवलेसे ठिपके. मासा एकही नाही. माझं पाणी गढूळ झालं, काचांवर तपकिरी बुळबुळ चढली आणि हॉटेलात हशा पिकला.

"रहिमाबी, दगड शिजले का?"

"तुझी अक्कल शिजू दे, मग बघू."

लोकांना मासे हवे होते, कमालला निकाल हवा होता. ती मात्र थांबली. तिने आयुष्यभर आंबोळीचं पीठ भिजवलं होतं. पीठ आंबताना झाकण सारखं उघडून चालत नाही हे तिला ठाऊक होतं. पाण्यालाही घाण पचवायला शिकायला वेळ लागतो. दगडांवरचे डोळ्यांना न दिसणारे जीव ते काम करतात. एका सकाळी उजाडलं तेव्हा मी आरपार दिसत होते. मग तिने आधी खेकडे आणले, काही दिवसांनी समुद्रफूल, आणि सगळ्यात शेवटी पट्टेवाले तीन मासे.

खाणं म्हणजे चिमूटभर ठेचलेली कोळंबी. उरलेली लगेच बाहेर. कोणी बिस्कीट पुढे केलं की हातावर तिच्या कालवणाचा डाव बसायचा. "पाहुण्याला खाऊ घाल की गो!" काशीराम कुरकुरला. "तो पाहुणा नाय, घरचा हाय," ती म्हणाली, "घरच्याला वरडून थांबवता येतं."

माझ्या काचेवर तिने काजळाची रेघ ओढली होती. पाणी रेघेखाली गेलं की कमाल म्हणे, "दर्यावरून भर घाल." ती विहिरीचं पाणी घाली. कालवण आटलं की ते खारट होतं, मग त्यात मीठ घालायचं की पाणी? पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. आणि हवा? चहा गार करताना तुम्ही तो वरून खाली ओतता ना, तसं ती मडक्याने माझं पाणी उचलून धारेने पुन्हा माझ्यात सोडायची, दिवसातून कितीतरी वेळा. त्या धारेच्या बुडबुड्यांवर माझं अख्खं गाव श्वास घ्यायचं. चुलीचा धूर लागतो म्हणून तिने मला पूर्वेच्या खिडकीपाशी हलवलं. तिथे कोवळं ऊन आलं की पोवळ्याचे ठिपके हात पसरायचे.

पावसाळा आला. बोट बंद झाली, होड्या नारळाच्या झापांखाली गेल्या आणि खाडीतून तांबडं, अळणी पाणी समुद्रात उतरू लागलं. रहिमाबीने त्याआधीच किनाऱ्याच्या खडकांबाहेरचं स्वच्छ खारं पाणी रांजणात भरून ठेवलं होतं. काम नसलेले पडाववाले दिवसभर माझ्यापुढे बसायचे. आयुष्य दर्यावर गेलं, पण दर्याच्या पोटात काय चालतं ते त्यांनी माझ्यात पाहिलं. काशीरामने तर माशांना नावंही देऊन टाकली. आणि कमालला घाम फुटू लागला. आषाढ सरला, श्रावण आला. मी जिवंत होते.

पुनवेच्या आदल्या दिवशी सकाळी दोन हमाल दारात उभे राहिले. हॉटेलच्या जागेचे मालक आत्मारामशेट आठवड्यापूर्वी मला बघून गेले होते. कमालने मला त्यांना देऊन टाकलं होतं. दिवाणखान्यात ठेवायला, माशांसकट, भरलेली.

"पुनव उद्या हाय," रहिमाबी म्हणाली.

"उद्या पेटीच हयसर नसली तर कसली अट नि कसलं काय? मालकाची मर्जी मोडता येते का गो आपा?"

हॉटेलात कोणी घोट घेईना. काशीरामने पेला खाली ठेवला. "कमालशेट, हा डाव बरा नाय."

रहिमाबी रडली नाही की पाया पडली नाही. चुलीवरचा टोप उतरवून ती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "न्यायची तर ने. पण आधी पाणी उपस. भरलेली पेटी उचललीस तर काच जाईल."

"पाणी उपसलं तर मासे जातील. मग शेटना काय दगड दाखवू? उचला रे!"

पुढच्या हमालाने आधी उचललं, मागच्याने नंतर. माझी चौकट पिळली. लोक आजही म्हणतात की तो अपघात होता. म्हणू देत. बाबल्याची राळ पक्की होती, साग पक्का होता. थोडा वेळ मी आणखी धरलं असतं. पण मित्रांनो, मला धरायचं नव्हतं. बहिणीचं घर बुडवायला निघालेल्या भावाची भेट म्हणून मिरवत मी कोणाच्या दिवाणखान्यात जाणार नव्हते. समोरची काच वरपासून खालपर्यंत तडकली आणि अख्खा दर्या हॉटेलात पसरला.

"मडकी आणा!" रहिमाबी ओरडली आणि फुटक्या काचेत हात घालून तिने समुद्रफुलाचा दगड उचलला. पडाववाले बाकांवरून उड्या मारून खाली आले. आणि सगळ्यात आधी गुडघ्यांवर बसलेला माणूस कोण होता? कमाल. धुतलेल्या लुंगीसकट चिखलपाण्यात, ओंजळीत एक पट्टेवाला मासा धरून तो किंचाळत होता, "आपा, रांजण! आपा, लवकर रांजण उघड!" इतके महिने त्याने माझ्या मरणाची वाट पाहिली होती. मरण समोर आलं तेव्हा त्याचेच हात आधी धावले. हिशेबात माणूस धूर्त असतो, ओंजळीत नसतो.

दुसऱ्या दिवशी नारळ समुद्राला देऊन सगळे हॉटेलात आले. फळीवर मडक्यांची ओळ होती. एकात समुद्रफूल, एकात खेकडे, एकात पोवळ्याचे दगड, एकात मासे. सगळं रांजणातल्या खाऱ्या पाण्यात, सगळं हलतं, जगतं. कमालने एकेका मडक्यात वाकून पाहिलं.

"काय कमालशेट," काशीराम म्हणाला, "ह्याला जितं म्हणायचं की नाय?"

कमाल फळीपासून चुलीकडे वळला. मग बहिणीला म्हणाला, "आपा, खोली तुझी."

रहिमाबीच्या हाताला फडकं बांधलेलं होतं. त्याच हाताने ती भाकरी थापत होती. "तू देतोस म्हणून नाय घेत मी. अट तूच काल मोडलीस, ती संपली. मी ह्या चुलीपुढे बसले तेव्हा चहात दूध किती घालायचं तेही तुला कळत नव्हतं. त्या दिवसापासून ती खोली माझी हाय. अयूबला नि सुनेला तुझी खोली दे."

"आणि मी?"

"बाक काय थोडे हायत?"

सगळं हॉटेल हसलं. कमालने मान खाली घातली आणि नजरेने बाकाची लांबी मापली.

मला नवी काच बसली. रहिमाबी होती तोवर माझ्यात दर्या जगला. ती गेली आणि धारेने पाणी ओतणारा हात गेला. आज माझ्यात नानकटाई असते आणि माझ्या कडेला कोणी बोटं पुसतं. माझी कीव करू नका, मी ती मागत नाही. फक्त कोणी तुमच्यापैकी समुद्राचा तुकडा घरात आणायला निघाला, तर त्याला विचारा: थांबणं जमेल का? रोज हात ओला करणं जमेल का? नसेल जमत तर कातळावर जाऊन बसा आणि बघा. समुद्र स्वतःला सांभाळतो.

आता कोणी काय भरलं ते. आत्मारामशेटना काहीच भरावं लागलं नाही. कमालने आपलं अंथरूण दिलं. रहिमाबीने उजव्या हाताचं एक बोट दिलं, ते पुन्हा कधी वाकलं नाही. मी एक काच दिली. आणि त्या तीन माशांतला एक फरशीच्या फटीत गेला तो सापडला तेव्हा उशीर झाला होता. ह्या सगळ्या व्यवहारातून ज्याला काहीच मिळायचं नव्हतं, त्याने सगळंच्या सगळं भरलं.