डावीकडचं घड्याळ

मी बोलतोय. बैठकीच्या भिंतीवर दोन घड्याळं होती, त्यांतलं डावीकडचं. घरात मला 'खोटारडं' म्हणत.

मला आणलं धाकट्याने. परदेशी नोकरीला निघताना त्याने मला तिथल्या वेळेवर लावलं, इथल्यापेक्षा नऊ तास मागे, आणि खिळा ठोकत म्हणाला, "आई, फोन करण्याआधी याच्याकडे बघत जा." आई बघायची. ताईला मात्र मी पहिल्या दिवसापासून खुपलो. ती फडकं घेऊन आली की करवादायची, "भर दुपारी पहाटेचे पाच दाखवतंय मेलं!"

तिकडे पोचल्यावर धाकटा सहज बोलून गेला होता, "दोनला उडालो, सहाला उतरलो." ताईने तेवढंच धरून ठेवलं. त्यातले दोन शेजारच्या घड्याळातले आणि सहा माझे, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. "चार तासांचा रस्ता, आणि म्हणे लांब पडतं! यायचंच नसतं त्याला," असं ती येईल त्याला ऐकवायची.

मग एका सकाळी आईच्या पोटात कळ उठली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आजच करायला हवं. ताईने धाकट्याला फोन लावला. "दुपारच्या विमानात बसतो," एवढं बोलून त्याने घाईघाईने फोन ठेवला.

आई हट्टाला पेटली. "तो आल्याशिवाय मी घराबाहेर पडणार नाही."

"अगं, संध्याकाळी सहाला दारात उभा असेल. थांबू तेवढं," ताई म्हणाली.

इथे सहा वाजले तेव्हा माझ्यात सकाळचे नऊ होते. तो अजून विमानतळावरही पोचला नव्हता! माझ्याकडे बघणारी एकटी आई, आणि तिचे डोळे वेदनेने मिटलेले. शेवटी शेजाऱ्यांनी तिला खुर्चीसकट उचलून गाडीत घातलं. वाचली, पण जेमतेम.

धाकटा दुसऱ्या दिवशी दुपारी आला.

"आलात? चार तासांचा रस्ता, आणि आज उगवताय?"

"बारा तास विमानात होतो, ताई. ही दोन घड्याळं बघ जरा."

"आता मला घड्याळ बघायला शिकव! आई मरत होती इथे."

"मग सकाळीच का नाही नेलंस तिला?"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मला खिळ्यावरून उपटलं, सेल काढला आणि चपलांच्या कपाटात कोंबलं.

आई घरी आली. धाकटा ताईशी एक शब्द न बोलता परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बंद दारामागून ताईचा आवाज कानावर आला, "सहालाच उतरला असणार. कळवतोय मात्र पहाटे तीनला, मुद्दाम माझी झोप मोडायला!"

"अगं, ते डावीकडचं घड्याळ कुठं गेलं?" आईने पडल्यापडल्या विचारलं.

"बिघडलं. टाकून दिलं."

ऐकताय ना? मी बिघडलेलो नाही. कुणीतरी दार उघडा, एक सेल घाला. मला पुन्हा लावायचं नसेल तर नका लावू. पण पुढच्या वेळी आईला त्याची वाट बघत थांबवू नका.