फाटकापुरती आत्या

"आजींचं वजन किती असेल?" स्कूटर भाड्याने देणाऱ्या माणसाने विचारलं, आणि विचारलं ते भाच्याला.

आत्या समोरच उभी होती. काठी टेकून का होईना, पण ताठ. उभी हयात शाळेत मुलांना कवायत शिकवण्यात गेलेली बाई. तिने एक आवाज दिला की अख्खं मैदान गप्प व्हायचं. गुडघ्यांनी दगा दिला होता, कानांनी नाही.

"आजींनाच विचारा ना," ती म्हणाली. "त्या इथेच आहेत."

माणूस ओशाळला, पण पुढचं सगळं त्याने पुन्हा भाच्यालाच समजावलं. ही किल्ली, हा ब्रेक, हे वेगाचं बटण. बटणाच्या एका बाजूला कासवाचं चित्र होतं, दुसऱ्या बाजूला सशाचं. भाच्याने परस्पर ते कासवावर फिरवलं. "उगाच कुठे धडकशील, आत्या."

आत्याने तेही गिळलं, कारण तिला मनापासून यायचं होतं. आजवर या मंडळींच्या सहलींचे नुसते फोटो तिच्या वाट्याला यायचे. या वेळी भाचा स्वतः घरी आला, "तू हवीसच" म्हणाला. एवढ्या मोठ्या पार्कात मी चालणार कशी, म्हटल्यावर, "ते माझ्यावर सोड, बॅटरीवरची स्कूटर घेऊ भाड्याने" म्हणाला. पार्काला लागूनच हॉटेल, दोन दिवस मुक्काम. शेजारणीला हे सांगताना आत्याचा ऊर भरून आला होता.

आत शिरल्या शिरल्या स्कूटरच्या टोपलीत पाण्याच्या बाटल्या आल्या. हँडलला पिशव्या लटकल्या. भाचेसुनेच्या भावाची सॅक पाठीमागे अडकली. स्कूटरवर माणूस बसलंय की सामान, लांबून कळेना.

पहिल्या राईडपाशी ही भली मोठी रांग. भाचा तिकडे फिरकलाच नाही. चालता न येणाऱ्यांसाठी बाजूला छोटं फाटक होतं, तिथे जाऊन त्याने आत्याकडे बोट दाखवलं. फाटकावरच्या मुलीने हसून सगळ्या लवाजम्याला आत सोडलं. आत गेल्यावर भाचा म्हणाला, "तू इथे थांब हं, हे तुला झेपायचं नाही." इथे म्हणजे कचऱ्याच्या डब्याशेजारी.

दुसऱ्या राईडलाही तेच. तिसरीकडे जाताना वाटेत एक नाव दिसली. पाण्यातून संथ चाललेली, पुढे गुहेत शिरणारी.

"यात बसते मी," आत्या म्हणाली.

"अगं, तुला चढवण्या-उतरवण्यात वेळ जाईल. मोठी राईड राहून जायची आपली."

आपली! तिसऱ्या फाटकातूनही आत्याने सगळ्यांना आत नेलं आणि सरबताच्या टपरीच्या सावलीला जाऊन थांबली. सुनेला गरगरत होतं, म्हणून तीही मागे राहिली आणि टपरीच्या पलीकडे फोनवर बोलत उभी राहिली. आत्या अलीकडे आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

"छे गं, कसली रांग! आत्या आहेत ना बरोबर. स्कूटर दाखवली की फाटक उघडतं. नाहीतर एवढा व्याप कोण गळ्यात बांधून घेतंय?"

आत्याची कानशिलं तापली. आधी तिला लाज वाटली. मग, लाज आपल्याला का वाटावी, या विचाराने तिडीक उठली. सकाळपासून उन्हात पोरं कडेवर घेऊन उभी असलेली माणसं तिला बघून बाजूला सरकली होती. "जाऊ द्या, आजींना त्रास नको," म्हणाली होती. त्या भल्या माणसांना आपण फसवलं होतं. बसलेली आपण, आणि झोके घेतले या धडधाकटांनी!

तिने स्कूटर वळवून सुनेसमोर आणली. पिशव्या, सॅक, बाटल्या एकेक करून तिच्या हातात दिल्या.

"हे धर."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्या... तुम्ही कुठे निघालात?"

"नावेत बसायला," म्हणत आत्याने बटण सशावर फिरवलं.

नावेच्या फाटकावरच्या माणसाने विचारलं, "बरोबर कोण आहे, आजी?"

"कोणी नाही."

"उतरताना हात देऊ का?"

"द्या की." त्याने विचारलं होतं ते तिला, एवढं तिला पुरे होतं.

गुहेत गारवा होता. छतावरून पाण्याचे तुषार अंगावर येत होते. आत्याला वाटलं होतं, इथे राग निवेल. तो काही निवला नाही. पण रागाबरोबरच मजाही येत होती, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. पर्समधला फोन वाजत राहिला. तिने तो वाजू दिला.

बाहेर आली तर भाचा लालबुंद होऊन उभा. "आत्या, काय हे! आम्ही किती शोधलं तुला!"

"शोधलंत, की फाटकाशी अडलात?"

भाचा गडबडला. "असं काय बोलतेस? मोठ्या राईडला दोन तासांची रांग आहे, तू नव्हतीस म्हणून..."

"मग उभे राहा रांगेत. पाय आहेत ना?" आत्याचा आवाज चढला तशी आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. "स्कूटर माझ्या गुडघ्यांसाठी आहे, तुमच्या हौसेसाठी नाही. आणि मी व्याप वाटते, तर तोंडावर सांगायचं. शेजारणीपाशी तुझं किती कौतुक केलं रे मी, मूर्खासारखं!"

सून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली. "आत्या, मी तसं..." म्हणून थांबली. पुढचं वाक्य तिला सापडलं नाही आणि आत्याने ते शोधायला मदतही केली नाही. ती वळली आणि पुन्हा नावेकडे गेली. बाकीचे मोठ्या रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले.

रात्रीच्या जेवणाला टेबलावर चमच्यांचे तेवढे आवाज होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर हलकीशी टकटक झाली. "आत्या, आज... आज आधी कुठे जायचं?"

"मला विचारतोयस की स्कूटरला?"

भाचा खालच्या आवाजात म्हणाला, "तुला."

आत्याचा लगेच विश्वास बसला असं नाही. "थांब," एवढंच ती म्हणाली. मग आरशासमोर बसून वेणी सोडली आणि सावकाश, एकेक पेड सारखा करत, नव्याने घालायला घेतली.