आईच्या तोंडची क्री

म्हातारपणी फिलोमीनच्या डोक्यातून इंग्रजी निघून गेली. हिवाळ्यात तळं गोठलं तोवर ती फक्त क्री, तिच्या आदिवासी वस्तीची भाषा, बोलू लागली होती. आणि तिच्या एकुलत्या एक मुलीला, जॉर्जिनाला, क्री येत नव्हती. लहानपणी तिने शिकव म्हणून हट्ट धरला की आई म्हणायची, "मार खायचाय का?" फिलोमीनला सातव्या वर्षी वस्तीतून उचलून मिशनच्या शाळेत ठेवलं होतं. क्री बोललं की तिथे तोंडात साबण कोंबत.

आता ती दिवसभर कोट घालून दाराशी उभी राही. एकदा बर्फातून तळ्यापर्यंत गेली, तेव्हा बोटं काळीनिळी पडली. मग जॉर्जिनाने दाराला वर, तिचा हात पोचणार नाही अशी कडी लावली आणि दुकानातली नोकरी सोडली. शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवून पाहिलं होतं, पण तिथली शाळेतल्यासारखी खाटांची रांग पाहून आईने अन्न सोडलं. आता दोघीही घरात कोंडल्या होत्या.

शेवटी तिने इसिडोरमामाला बोलावलं. तोही त्याच शाळेतला. बहिणीचं बोलणं त्याने ऐकून घेतलं.

"काय म्हणते, मामा?"

"मला फादर म्हणतेय. इतका वाईट दिसतो का मी?" मग तो खाली बघून म्हणाला, "तुला शाळेतली सिस्टर समजते. विचारतेय, घरी कधी सोडणार."

"सांग ना, हेच तुझं घर आहे म्हणून."

"सांगितलं. म्हणते, तुम्ही सगळे असंच सांगता."

 जॉर्जिनाने उठून कोट चढवला. "'इकडे ये'ला क्रीत काय म्हणतात?"

"आस्तम."

तिने दार उघडलं. फिलोमीन झपाझप निघाली. लाकडांच्या ढिगापाशी जॉर्जिनाने तिला गाठून म्हटलं, "आस्तम."

फिलोमीन दचकली. तिने हातमोजा घातलेल्या हाताने जॉर्जिनाचं तोंड दाबलं आणि घराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग तिचा हात घट्ट धरून तीच तिला आत घेऊन आली.

खाटेवर शेजारी बसवून ती जॉर्जिनाच्या कानात कुजबुजत राहिली. खूप वेळ. शाळेतल्या एका मुलीने दुसऱ्या मुलीला सांगावं तसं. जॉर्जिना काही न कळता मान हलवत होती.

चुलीपाशी बसलेल्या मामाला सगळं ऐकू येत होतं. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. अर्थ काय, ते जॉर्जिनाने त्याला विचारलं नाही.