साडेपाच तास

भूगावातल्या घराच्या वसरीत मी शेंगा फोडत बसलो हुतो. तेवढ्यात सून गौतमी बाहीर आली आन् हळूच म्हनली, "आप्पा, कल्याणीताई यायला लागल्यात. तुमी लई शिरीयस हाय, असं सांगितलंय त्यान्ला."

शेंग हातातच ऱ्हायली. "कुनी सांगितलं?"

तिनं आत नवऱ्याकडं बघितलं. मग मला कळलं. बिल्डरला वाडवडलांची जमीन द्यायची तर हक्कसोडीवर माझ्या लेकीची, कल्याणीची, सही पायजे, आन् ती नको म्हनत हुती. म्हनून माझ्या लेकानं, शंभूनं, बापालाच मरनाला टेकवलं! म्हनूनच माझा फोन तीन दिवस रिपेरीला हाय म्हनत हुता.

"लाव तिला फोन."

"आता न्हाई लागायचा. ऑकलंडपासनं मुंबई बारा हजार किलोमीटर हाय. सिंगापूरला इमान बदलताना रडत इचारत हुत्या, आप्पा हायेत ना? आत्ताच तितनं उडाल्यात. मुंबईला यायला साडेपाच तास."

म्हंजे अजून साडेपाच तास माझी पोर परक्या मान्सांत डोळं पुसत बसनार. आन् मी हितं शेंगा खातोय!

शंभू दारात आला. "आप्पा, ती पोचली की सांगू, आता बरं हाय म्हनून."

मी टोपी घातली. "गाडी काढ. मुंबईला चार तास लागत्यात. इमानतळाच्या बाहीर तिला पयला मी दिसलो पायजे."

"आन् सही?"

"तिची ऱ्हाऊ दे. सातबारा माझ्या नावावर हाय. आन् मेलेला मानूस सही करत न्हाई."